सातवीनंतर मुली जातात कुठे? उर्दू शाळेतल्या एका शिक्षिकेला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेची उर्दू शाळा सातवीपर्यंत आहे. सातवीत दरवर्षी वीस-बावीस मुली असतात. आठवीला त्यांतल्या सात-आठच मराठी हायस्कुलात पोहोचतात आणि अकरावीपर्यंत दोन-तीन उरतात. शिक्षिकेने पालकसभा घेतल्या, घरोघर फिरून झालं. सगळे "हो मॅडम" म्हणतात आणि जूनमध्ये मुलगी येत नाही. समाजाची मानसिकता बदलायला सुरुवात कुठून करू, असं त्यांनी विचारलं आहे.

मॅडम, मानसिकता बदलण्याचं काम आत्ता हाती घेऊ नका. भिवंडी, मालेगाव आणि पुढे मराठवाड्यातल्या लहान गावांत मुलींच्या शाळाप्रवेशाचं काम करण्यात माझी उमर गेली, त्या अनुभवावरून सांगते. ज्या घराने मुलीला सात वर्षं रोज वेणी घालून, डबा देऊन तुमच्याकडे पाठवलं, त्या घराला शिक्षणाचं वावडं असतं तर ती पहिलीतही आली नसती. सातवी आणि आठवीच्या मधल्या दीड महिन्यात घराची मतं बदलत नाहीत, बाकीचं सगळं बदलतं. इमारत बदलते, रस्ता बदलतो, शिकायची भाषा बदलते, ओळखीच्या बाईंच्या जागी अनोळखी सर येतात आणि वर्गात ती पहिल्यांदाच एकटी-दुकटी मुसलमान मुलगी असते. हे सगळं एका दिवसात अंगावर येतं, तेव्हा घर शाळा बंद करायचा निर्णय घेत नाही. ते फक्त थांबतं. "पुढच्या साली बघू" म्हणतं आणि ते पुढचं साल कधी येत नाही.

आकडेही हेच सांगतात. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या मुसलमानांचं साक्षरतेचं प्रमाण ७८.१ टक्के होतं आणि राज्याची सरासरी ७६.९. म्हणजे सरासरीपेक्षा थोडं वरच. इथले बहुतेक मुसलमान शहरांत आणि तालुक्याच्या गावांत राहतात, तिथे प्राथमिक शाळा हाकेच्या अंतरावर असते, हे त्याचं मोठं कारण. शाळा जवळ होती तोवर पोरं-पोरी शिकली. वर जाता जाता मात्र संख्या झपाट्याने घसरते. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१च्या अखिल भारतीय पाहणीत एकूण विद्यार्थ्यांत मुस्लिम ४.६ टक्के निघाले, तर २०११च्या जनगणनेत त्यांचा देशाच्या लोकसंख्येतला वाटा १४.२ टक्के होता. पण त्याच पाहणीत या मुस्लिम विद्यार्थ्यांपैकी जवळपास निम्म्या मुली आहेत. जी मुलगी टिकते ती मुलाच्या बरोबरीने टिकते. "या मुली मदरशात जातात" असं तुमच्या शिक्षक-खोलीत कोणी म्हणालं तर त्यांना देशातल्या मुस्लिम समाजाच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा २००६चा अहवाल दाखवा. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात शिकणारी चार टक्क्यांच्या आसपासच आहेत.

मग मुली सुटतात कुठे? सांध्यावर. सातवी-आठवी हा एक सांधा, दहावी-अकरावी हा दुसरा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की मेहनत वर्षभर सारखी वाटू नका, ती या दोन सांध्यांवर ओता. आणि जूनमध्ये जागे होऊ नका. मुलीची आठवीतली जागा सातवीच्या जानेवारीत पक्की व्हायला हवी.

कामाची सुरुवात यादीने करा. हजेरीपटावरून सातवीच्या सगळ्या मुलींची नावं एका वहीत उतरवा आणि प्रत्येकीपुढे चार गोष्टी लिहा: ती कोणत्या शाळेत जाणार, तिच्याबरोबर रस्त्याने कोण असणार, तिचे कोणते कागद अपुरे आहेत, आणि तिच्या घरात निर्णय कोण घेतं. यातला चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा आणि तोच कोणी भरत नाही.

आपण घरी जातो ती दुपारी, शाळा सुटल्यावर. दाराशी आई भेटते. ती चहा टाकते, तुमचं सगळं ऐकून घेते आणि हो म्हणते. तो होकार खोटा नसतो, पण तो तिच्या हातातला नसतो. वडील फळांची गाडी लावत असतील तर पहाटे लिलावाला गेलेले असतात आणि रात्रीची ईशाची नमाज झाल्यावर घरी सापडतात. अनेक घरांत वडिलांचाही शब्द शेवटचा नसतो. तो असतो मोठ्या भावाचा, जो स्वतः आठवीत शाळा सोडून गॅरेजवर किंवा वेल्डिंगच्या दुकानात लागला आणि आज घरात पैसे आणतो. किंवा मुंबईला कुर्ल्यात, मुंब्र्यात राहणाऱ्या चाचाचा, जो ईदला येतो आणि सांगून जातो. कधी दादीचा. ज्याचा शब्द चालतो त्याला गाठल्याशिवाय बाकीच्यांशी बोलण्यात फार अर्थ नाही. भाऊ असेल तर त्याच्या कामाच्या जागी जा, चारचौघांत नको, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. त्याला शिक्षणाचं महत्त्व सांगू नका, ते त्याला तुमच्याहून जास्त कळतं, कारण शाळा सुटल्याचा फटका त्याने खाल्ला आहे. त्याला रस्ता विचारा: "हायस्कूलला जाताना कुठल्या चौकात पोरं उभी असतात? तुझी बहीण कोणत्या रस्त्याने गेलेली तुला चालेल?" त्याची खरी भीती तिथे असते. जो भाऊ रस्ता सुचवतो तो त्या रस्त्याने बहिणीला पाठवतोही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

एकटी मुलगी गळते, चौघी टिकतात. म्हणून एकेका मुलीचा नाही, एकेका गल्लीचा प्रवेश करा. एका गल्लीतल्या चार-पाच जणी एकाच शाळेत, जमलं तर एकाच तुकडीत. त्यासाठी हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना फेब्रुवारीतच भेटा आणि तुकडी न फोडण्याचा शब्द घ्या. त्याच महिन्यात सातवीचा सगळा वर्ग एक दिवस त्या शाळेत घेऊन जा, दोन-चार आयांनाही बरोबर घ्या. मुली प्रयोगशाळा बघतील, आया स्वच्छतागृह बघतील. कडी नसलेलं किंवा पाणी नसलेलं स्वच्छतागृह दिसलं तर तिथेच मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगा, कारण त्या एका कारणाने मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि महिन्यातले चार दिवस घरी राहतात.

दाखले मुलींच्या हाती देऊन "जाऊन नाव घाला" असं म्हणू नका. निकालानंतर सगळ्यांचे दाखले एकत्र घेऊन तुम्ही किंवा तुमचे सहकारी स्वतः जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला लगेच देणं मुख्याध्यापकांवर बंधनकारक आहे, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून पुढची शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. आसपासच्या खेड्यांतून तुमच्याकडे येणाऱ्या मुली असतील तर पाचवी ते बारावीच्या मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. पहिल्या आठवड्यातच आगारात यादी पोहोचली पाहिजे, नाहीतर जुलैचं भाडं घरातून जातं आणि भाडं जड झालं की मुलगी घरी बसते.

आता भाषेकडे येते. तुमच्या मुली बाजारात, दवाखान्यात छान मराठी बोलतात, त्यामुळे हायस्कुलातल्या शिक्षकांना वाटतं की यांना मराठी येतं. पण गणिताच्या तासाला सर ‘त्रिकोणाचं क्षेत्रफळ’ म्हणतात तेव्हा ती गप्प होते. मुसल्लस आणि रक़बा तिला पाठ आहेत, सूत्रही पाठ आहे, फक्त हे दोन्ही एकच आहेत हे तिला कोणी सांगितलेलं नाही. ज़ाविया म्हणजे कोन, कसर म्हणजे अपूर्णांक, मसावात म्हणजे समीकरण, ज़ियाई तालीफ़ म्हणजे प्रकाशसंश्लेषण. उर्दू शाळेत पहिल्या तीनांत असणारी मुलगी पहिल्या घटक चाचणीत नापास होते, मागच्या बाकावर जाते, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाही. घरचे म्हणतात, तिचं डोकं चालत नव्हतं. तिचं डोकं उत्तम चालत होतं!

यावरचा उपाय स्वस्त आहे आणि तो तुम्ही एकट्या करू शकता. बालभारतीची गणित आणि विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणि मराठीत दोन्ही निघतात, धडे तेच, क्रम तोच. दोन्हींच्या ई-प्रती मोफत उतरवून घेता येतात. सातवीचं उर्दू पुस्तक मुलींकडे आहेच. त्याच धड्याचं मराठी पुस्तक शेजारी ठेवा आणि एक वही करायला लावा: उजवीकडे उर्दू शब्द, डावीकडे मराठी. गणित आणि विज्ञान मिळून दोनेकशे शब्द पुरतात. शिकलेलाच धडा दुसऱ्या लिपीत वाचायचा असल्यामुळे मुलींना भीती वाटत नाही, उलट मजा येते. जानेवारी ते एप्रिल आठवड्यातून दोन तास काढले तरी पुष्कळ. देवनागरी त्यांना येतेच, पण वाचनाला वेग नसतो. वेगासाठी रोज मोठ्याने वर्तमानपत्राची एक बातमी वाचायला लावा. आणि हायस्कूलच्या गणिताच्या शिक्षकांना त्या वहीची एक झेरॉक्स देऊन या. वर्गात एकदा जरी त्यांनी "मुसल्लस म्हणजे हाच बरं का" असं म्हटलं, तर त्या चार मुलींची मान वर होते. हा माणूसपणाचा भाग आहे आणि तो कुठल्याही योजनेत बसत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पोरींना भाषा बदलायलाच लागू नये, तुमच्याच शाळेला आठवीचा वर्ग जोडून मिळावा, ही मागणी रास्त आहे. कायद्यात प्राथमिक शिक्षण आठवीपर्यंतचं आहे, तुमची शाळा सातवीला थांबते ही जुन्या रचनेची शिल्लक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्या समितीचा ठराव करून केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि तिथून जिल्ह्याला पाठवा. अडथळा कुठून येईल हेही जाणून असा. गावातल्या अनुदानित हायस्कूलची आठवीची तुकडी तुमच्या मुलांवर उभी असेल तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, त्यांचा शिक्षक जाऊ शकतो, म्हणून विरोध होतो. तो विरोध मुलींना नसतो, नोकरी टिकवण्याचा असतो. शिवाय १५ मार्च २०२४च्या संचमान्यतेच्या निर्णयानंतर कमी पटाच्या वरच्या वर्गांना शिक्षक मिळणं आणखी अवघड झालं आहे. म्हणून पट दाखवूनच मागणी करा. पण ही लढाई दोन-तीन वर्षांची आहे. या वर्षीच्या सातवीला आठवीचा वर्ग मिळेपर्यंत थांबवू नका.

उर्दू शाळांच्या रिक्त पदांचं दुखणं तुम्ही रोज भोगत असाल. आरक्षित प्रवर्गातली, विशेषतः अनुसूचित जमातीची पदं उर्दू माध्यमाचा उमेदवारच मिळत नसल्याने वर्षानुवर्षं रिकामी राहतात. त्यात दोष आरक्षणाचा नाही, भरतीच्या नियोजनाचा आहे. गणिताला शिक्षक नसलेल्या वर्गातली मुलगी आठवीत कशी टिकणार, हा प्रश्न व्यवस्थापन समितीने लेखी विचारत राहिला पाहिजे. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण दहावीनंतर जितक्या मुली कागदांपायी अडकलेल्या मी पाहिल्या तितक्या कशापायीच नाहीत. शाळेच्या रजिस्टरला ‘शेख आलिया बी युसूफ’, आधारला ‘आलिया मोहम्मद युसूफ शेख’, जन्मदाखल्यावर नावच नाही, आणि बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. माणूस बघून सगळ्यांना कळतं की मुलगी एकच आहे. संगणकाला कळत नाही, तो अर्ज परत पाठवतो. शाळेत शिकत असताना रजिस्टरमधलं नाव पुराव्यानिशी दुरुस्त करणं सोपं असतं. शाळा सोडल्यावर तेच काम शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जातं. म्हणून सातवीत असतानाच प्रत्येकीचे चारही कागद समोर ठेवून नाव एकसारखं करून घ्या, आधी जन्मदाखला, मग आधार, मग रजिस्टर. पूर्वी पहिलीपासून अल्पसंख्याक शिष्यवृत्ती होती. वर्षाला हजार रुपये म्हणजे फार नव्हे, पण तिच्या निमित्ताने दरवर्षी उत्पन्नाचा दाखला, बँकखातं, नावाची जुळणी होऊन जायची. २०२२-२३पासून केंद्राने ती पहिली ते आठवीसाठी बंद केली, मुलींसाठीची बेगम हजरत महल शिष्यवृत्तीही थांबली. पैशापेक्षा ती कागदांची शिस्त गेली हे मला जास्त लागतं, कारण चूक आता थेट दहावीनंतर, प्रवेशाच्या रांगेत उघडी पडते.

जातीच्या दाखल्याकडे तर डोळ्यांत तेल घालून बघा. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, कुरेशी अशा कितीतरी मुस्लिम जमाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात आहेत. पण आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा मागतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावाचा दाखला, जन्ममृत्यूची गावनोंद, धंद्याचा उल्लेख असलेला महसुली कागद, असं शोधत जावं लागतं. मराठवाड्यात निजामाच्या काळातलं दप्तर उर्दूत आहे आणि ती घसटी अक्षरं वाचणारी माणसं तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. तुम्ही त्यांतल्या एक होऊ शकता. हे काम मुलीच्या वडिलांसाठी डोंगराएवढं आहे, तुमच्यासाठी दोन रविवारांचं. दाखला मिळाला की घरातल्या सगळ्या भावंडांना तो उपयोगी पडतो, त्यामुळे त्या घराचा तुमच्यावरचा विश्वासही पक्का होतो. ज्यांची जात त्या यादीत नाही त्यांना आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला मिळू शकतो, हे कित्येक मुस्लिम घरांना माहीतच नसतं. ‘ते आपल्यासाठी नाही’ असं त्यांना वाटतं. २०२४-२५पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. फार्मसी, नर्सिंग, अभियांत्रिकी, सगळं. पण ही माफी त्या एका दाखल्यावर लटकलेली आहे.

दहावीचा सांधा वेगळा आहे, तिथे लग्नाचा विषय येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झाल्याचं दिसलं. हा सगळ्या समाजांचा मिळून आकडा आहे, तेव्हा हे एकट्या मुसलमानांचं दुखणं नव्हे. पण मुस्लिम वस्तीत एक खास अडचण आहे आणि ती पालक दबक्या आवाजात बोलतात: मुलगे लवकर कामाला लागतात, मुली शिकत राहतात, मग शिकलेल्या मुलीला जोडीचा मुलगा बिरादरीत मिळत नाही. मालेगाव-भिवंडीत मुलगा पंधरा-सोळाव्या वर्षी कापडाच्या मागावर बसतो आणि त्याच घरात बहिणीला दहावीला ऐंशी टक्के पडतात. ही भीती हसण्यावारी नेऊ नका, ती खरी आहे. तिला उपदेशाने उत्तर मिळत नाही, उदाहरणाने मिळतं. गावातली जी मुलगी शिकून शिक्षिका, परिचारिका किंवा औषध दुकानात फार्मासिस्ट झाली आणि जिचं लग्नही नीट झालं, तिच्या आईला बोलवा. मुलीला नको, तिच्या आईला. बाकीच्या आया तिलाच प्रश्न विचारतात: सासरच्यांनी शिक्षणाचं काय म्हटलं, दहेज जास्त मागितला का, पगार कोणाच्या हातात जातो. मी अशा बैठकीत बाजूला बसते आणि बोलत नाही.

आणि खरं सांगायचं तर मुलींचं शिक्षण टिकवायचं असेल तर मुलग्यांचंही बघावं लागतं. नववीतून मागावर किंवा गॅरेजवर गेलेल्या भावाला आयटीआयला घालणं हे त्याच्या बहिणीच्या आणि शेजारणीच्या शिक्षणाचं काम आहे. अल्पसंख्याकबहुल भागातल्या काही आयटीआयत खास दुसरी पाळी चालते, तिची चौकशी करा.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. सायबर कॅफेवाल्याने घाईत भरून दिलेला पसंतीक्रम मुलीचं वर्ष घालवतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून ती बाहेर पडते. म्हणून पहिल्या पसंतीला तेच कॉलेज टाका जिथे घरचे खरोखर पाठवणार आहेत. हा अर्ज मुलगी, तिचा भाऊ आणि तुम्ही अशा तिघांनी बसून भरा. दूरच्या गावी शिकायला जायचं तर वसतिगृह आधी, कॉलेज मागाहून. अल्पसंख्याक विकास विभागाची मुलींची वसतिगृहं काही जिल्ह्यांत आहेत. आईला वॉर्डनबाईंशी प्रत्यक्ष भेटवून आणलं की निम्मं काम होतं. त्याआधीच्या वयासाठी, सहावीपासून, शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयं आहेत, २००४पासून. त्यांतल्या ७५ टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास आणि अल्पसंख्याक मुलींसाठी आहेत. आई-वडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलींसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

पोशाखाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण ते येणारच. मुंबईत चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाबवर बंदी घातली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ऑगस्ट २०२४मध्ये त्या बंदीला बऱ्याच अंशी स्थगिती मिळाली. मी स्वतः डोकं झाकत नाही आणि मुलींनी झाकावं की नाही यावर माझं मत आहे. पण ते मत मी शाळेच्या दारात कधीच आणत नाही. ज्या मुलीला घरून ‘ओढणी काढायला लावणार असतील तर जाऊ नको’ असं सांगितलेलं असतं, तिच्या आणि वर्गाच्या मध्ये उभं राहायचा अधिकार मला नाही. ती आत आली, शिकली, तर पुढचे निर्णय ती स्वतः घेईल. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांशी हे फेब्रुवारीच्या भेटीतच बोलून घ्या: गणवेशाच्या रंगाची ओढणी चालेल का? बहुतेक जण हो म्हणतात, आधी विचारलं तर.

आणि वर्गातल्या टोमण्यांचंही बोला. क्रिकेटच्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, किंवा कुठे दंगल झाली की, या मुलींना जे ऐकावं लागतं ते त्या घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं तर शाळाच बंद होईल हे त्यांना ठाऊक असतं. एक शिक्षिका अशी असू द्या जिच्याकडे त्या हे बोलू शकतील. गावात ताण असेल तेव्हा पालकांना फोन करून रस्त्याची खरी परिस्थिती कळवणारं कोणी असलं तर दोन दिवसांची सुट्टी दोन दिवसांचीच राहते.

मशिदीचे इमाम बहुतेक ठिकाणी मदत करतात. मे महिन्यातल्या एखाद्या जुम्म्याला प्रवेशाच्या तारखा सांगायची विनंती करा, भाषणाची नको.

आता राहिल्या त्या मुली ज्या आधीच घरी बसल्या आहेत. तुमच्या वहीत मागच्या पाच वर्षांच्या सातवीचीही यादी काढा. त्यांतल्या काही शिलाई करतात, काही टिकल्या-मोती लावायचं काम घरी आणतात, काहींची लग्नं झाली आहेत. वय चौदाच्या आत असेल तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ४ वयाप्रमाणे वर्गात बसवायला सांगतं, सरळ नेऊन बसवा. त्याहून मोठ्या मुलींना सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या दहावीला बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी उर्दू माध्यमातूनही देता येते, मदरशात शिकणाऱ्या मुलींसाठी ती वाट जास्त सोयीची पडते. बारावीनंतर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून घरी राहून पदवी करता येते. या मुलींसाठी दुपारी तीन ते सहा, घरकाम आटोपल्यावरच्या वेळात, तुमच्या शाळेची एक खोली उघडी ठेवता आली तर बघा. दहा बाय दहाच्या घरात सात माणसं असतात, तिथे वही उघडायला जागा नसते. सतरा नंबरच्या फॉर्मला मूळ शाळा सोडल्याचा दाखला लागतो. त्यांतल्या बऱ्याच जणींनी तो कधी नेलेलाच नाही, तो तुमच्याच कपाटात आहे.